३००बी की ईएल३४? आधी स्पीकरच्या पाठीवरचं लेबल वाचा

पत्र थोडक्यात असं आहे: मी सहकारनगरला राहते, वय ५८, घरी गाणं शिकवते. ओळखीचं एक कुटुंब परदेशी गेलं तेव्हा त्यांनी त्यांचे बुकशेल्फ स्पीकर स्टँडसकट मला दिले. सध्या मुलाच्या जुन्या एव्ही रिसीव्हरला जोडलेत, आवाज स्वच्छ आहे पण कोरडा वाटतो. बाबांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता, स्टेशन नीट लागलंय ते दाखवणारा हिरवा डोळा असलेला, त्याचा आवाज अजून कानात आहे म्हणून ट्यूबचा, म्हणजे व्हॉल्व्हचाच, अ‍ॅम्प घ्यायचाय. बजेट दीड लाख. दुकानदार म्हणतो ३००बी सिंगल एंडेड (३००बी ही ट्यूब, प्रत्येक बाजूला एकटीच काम करणारी) घ्या, ८ वॉट आहे पण पहिला वॉटच महत्त्वाचा. मुलाचा मित्र म्हणतो ईएल३४ पुश-पुल (ही दुसरी ट्यूब, प्रत्येक बाजूला जोडीनं काम करणारी), ४० वॉट. मुलगा म्हणतो ट्यूब कशाला, साधा क्लास डी (ट्यूब नसलेला, ट्रान्झिस्टरचा) घे. स्पीकरच्या मागे ६ ओहम (विजेला होणारा अडथळा) आणि ८६ डीबी (आवाजाची पातळी) लिहिलंय. खोली १२ बाय १४, दोन वर्षांचा नातू घरभर फिरतो. काय घेऊ? बाबांचा रेडिओ अजून माळ्यावर आहे.

ताई, नमस्कार. तुम्ही स्पीकरच्या मागचं लेबल वाचून आकडे लिहून पाठवलेत त्यामुळे अर्धं काम तिथेच झालं, कारण अशा बहुतेक पत्रांत ट्यूबचं नाव ठळक असतं आणि स्पीकरबद्दल चकार शब्द नसतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्या ह्या स्पीकरवर ३००बी घेऊ नका. ईएल३४ पुश-पुल घ्या, ३५-४० वॉटचा, आणि मागे ४ ओहमचा टॅप, म्हणजे स्पीकर लावायचा जोड, आहे ना ते बघून घ्या. आता का ते जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात तुम्हाला परत फिरवायचा प्रयत्न होणार आहे.

८६ डीबी म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले आणि समोर एक मीटरवर माइक धरला की ८६ डीबी आवाज भरतो. आता ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट होतो, पण तुमचा आहे ६ ओहमचा, तो तेवढ्याच व्होल्टला एक वॉट आणि वर एक तृतीयांश खातो, म्हणजे खऱ्या १ वॉटला तुमच्याकडे ८५ च्या जरा खालीच आवाज मिळतो. पॉवर दुप्पट केली की ३ डीबी वाढतात आणि दहापट केली की १०, आणि गंमत म्हणजे दहापट पॉवर देऊनही कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. त्या हिशोबानं ८ वॉट म्हणजे ९ डीबी वर, एका स्पीकरचे ९४, दोन्ही मिळून ९७, आणि तुम्ही बसणार सात-आठ फुटांवर तर त्यातले पाच-सहा गेले. उरले ९१-९२, आणि तेही अ‍ॅम्प अगदी शेवटच्या दमावर असताना.

तुम्ही म्हणाल ९१ काय कमी आहे का? ऐकायला सरासरी ७५ च्या आसपासच ठेवतो आपण, खरं आहे. पण तबल्याच्या चाटीवरचा एक ठोका किंवा तार सप्तकात लागलेला जोरकस सूर सरासरीच्या पंधरा-वीस डीबी वर उडी मारतो, आणि शनिवारी दुपारी मोकळं घर असताना जरा व्हॉल्यूम वाढवला की ती उडी अ‍ॅम्पच्या छताला आदळते. ट्यूब अ‍ॅम्प छताला आदळला की ट्रान्झिस्टरसारखा फाटत नाही, हळूच गोल होतो, म्हणून पुष्कळांना कळतच नाही की काहीतरी चुकतंय. पण तुम्हाला कळेल. बोटाला रुमाल गुंडाळून ठोका मारल्यासारखी चाट येते, तानपुऱ्याची जवारी, तो तारेवरचा झणकार, आधी स्वच्छ उलगडत होता तो आता गायकाच्या आवाजाला चिकटून एकच गोळा होतो.

दुकानात हे का जाणवत नाही? कारण तिथे ३००बी बहुतेक वेळा हॉर्नच्या (भोंग्याच्या) किंवा मोठ्या पेपर कोनच्या, ९५ डीबीच्या पुढच्या स्पीकरवर लावलेला असतो. तुमच्यापेक्षा १० डीबी जास्त, म्हणजे तिथले ८ वॉट तुमच्या घरच्या ८० वॉटच्या बरोबरीचे झाले. ३००बी ही वेस्टर्न इलेक्ट्रिकची १९३८ ची ट्यूब आहे, थिएटरच्या अ‍ॅम्पमध्ये वापरली जायची, आणि तेव्हा थिएटरमध्ये पडद्यामागे हॉर्न असायचे जे थोड्या वॉटमध्ये अख्खं सभागृह भरायचे. त्या जोडीत ती ट्यूब अप्रतिम आहे, मी ऐकलीय, बाईचा आवाज तर असा समोर येऊन उभा राहतो की अंगावर काटा येतो. दुकानदार पहिल्या वॉटबद्दल बोलतो तेही खोटं नाही, आपण बराच वेळ एक वॉटच्या आतच ऐकत असतो. पण गाणं त्या एका वॉटमध्ये थांबत नाही ना.

वॉटचं एवढं पुरे, कारण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे आणि ती कुणी सांगत नाही.

लेबलवर ६ ओहम लिहिलंय तो आकडा सोयीसाठी लिहिलेला असतो. स्पीकर प्रत्येक सुराला वेगळा ओहम दाखवतो. पुढे-मागे भोक असलेला बुकशेल्फ असेल (तुमचा बहुधा तसाच असणार) तर खर्जात एक-दोन डोंगर असतात जिथे तो २५ ओहमपर्यंत चढतो, मग खाली उतरून ४ ओहमला येतो, मग जिथे मोठा कोन काम सोडतो आणि छोटा ट्वीटर घेतो तिथे परत एक उंचवटा. आता अ‍ॅम्पलासुद्धा स्वतःचा अंतर्गत ओहम असतो, आणि फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग परत आत देऊन चूक सुधारणं) नसलेल्या सिंगल एंडेडमध्ये तो अडीच-तीनपर्यंत सहज असतो. ह्या दोघांची वाटणी होते. स्पीकर २५ ला असेल तेव्हा जवळजवळ सगळं व्होल्टेज त्याला मिळतं, आणि ४ ला असेल तेव्हा अडीच ओहम अ‍ॅम्पच्या पोटातच राहतात आणि स्पीकरला मिळतं साठ-बासष्ट टक्के. दोन्हींतला फरक काढलात तर साडेतीन डीबीच्या जवळ जातो. म्हणजे न सांगता तुमच्या अ‍ॅम्पनं एक इक्वलायझर, म्हणजे काही सूर वाढवणारं आणि काही दाबणारं यंत्र, बसवला, आणि त्याचा आकार ठरवला तुमच्या स्पीकरनं!

हे कागदावर कोरडं वाटतं म्हणून ऐकायला कसं येतं ते सांगतो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी हेच केलं होतं, ८५ डीबीचे स्पीकर आणि ८ वॉटचा सिंगल एंडेड, ऐकूनच प्रेमात पडलो होतो. घरी आणला आणि पहिले आठ दिवस गायकाचा आवाज ऐकून खूश, मग एकदा रात्री विलंबित एकताल लावला आणि डग्गा ऐकायला लागलो. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवलं की जो घुमारा येतो, खालून वर चढणारा, त्यात एका ठराविक जागी आवाज फुगायचा आणि पुढे एकदम बारीक व्हायचा. वादक एकसारखा दाब देत होता, पण माझ्या खोलीत मध्येच कुणीतरी डग्ग्यात पाणी भरल्यासारखं. विकणारा म्हणाला बर्न-इन होऊ द्या, म्हणजे वाजवून वाजवून मुरू द्या. सात महिने थांबलो मी, तो फुगा तिथेच. मग एका मित्रानं त्याचा ईएल३४ आणून ठेवला, तेच स्पीकर तीच वायर तीच जागा, आणि पहिल्याच आवर्तनात तो घुमारा सरळ रेषेत वर गेला. त्या क्षणाला मला कळलं की सात महिने मी ट्यूबला दोष देत होतो, पण ट्यूबही चांगली होती आणि स्पीकरही, फक्त दोघांचं लग्न चुकीचं लावलं होतं.

पुश-पुलमध्ये फीडबॅक असतो आणि ४ ओहमच्या टॅपवर अंतर्गत ओहम पाऊण-एकपर्यंत खाली येतो. वरचाच हिशोब परत केला तर साडेतीनचा फरक सव्वा-दीड डीबीवर येतो. तेवढा राहू द्या, ट्यूबची ऊब म्हणतात त्यात थोडा वाटा त्याचाही असतो. ब्रोशरमध्ये हा आकडा डॅम्पिंग फॅक्टर म्हणून लिहितात, ८ ला अंतर्गत ओहमनं भागलं की येतो. तुमच्या स्पीकरसाठी ८ च्या पुढे असेल तर उत्तम, ३ असेल तर तो अ‍ॅम्प बाजूला ठेवा मग दिसायला कितीही देखणा असो.

टॅपचं काय? अ‍ॅम्पच्या मागे ४, ८ आणि कधी १६ असे जोड असतात, ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या वेढ्यांवरून काढलेले असतात. ६ ओहमचा स्पीकर कुठे लावायचा तर दोन्हीकडे लावून बघायचा, ८ वर पॉवर जरा जास्त वाटेल आणि ४ वर खर्ज आवळून येईल. माझा अंदाज आहे तुम्ही ४ वरच थांबाल. बदलताना मात्र अ‍ॅम्प बंद करून दोन-चार मिनिटं थांबायचं आणि मगच वायर काढायची. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही, कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं उसळतं की इन्सुलेशन फुटू शकतं, आणि अख्ख्या अ‍ॅम्पमध्ये सगळ्यात महाग वस्तू तीच असते. ट्यूब गेली तर बदलता येते, ट्रान्सफॉर्मर जळला की निम्मा अ‍ॅम्प गेला. म्हणूनच दोन अ‍ॅम्पमध्ये अडकलात तर जो जड आहे तो बघा, लोखंड आणि तांबं कुठे वाचवलंय ते वजनात दिसतं.

आता पुण्यात राहणाऱ्यानं आवर्जून तपासायची गोष्ट. बाहेरून येणारे बरेच अ‍ॅम्प २२० व्होल्टसाठी वाइंड केलेले असतात. आपल्याकडे नावाला २३०, पण रात्री अकरानंतर आजूबाजूचे एसी-गीझर बंद झाले की माझ्याकडे मीटर २४५ दाखवतो. ट्यूबच्या हीटरला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात, वर दहा टक्के म्हणजे ६.९ पर्यंत चालतं. २२० च्या ट्रान्सफॉर्मरला २४५ दिले की हीटरला ७ व्होल्ट जातात, आणि प्लेटचं, म्हणजे ट्यूबमधल्या पत्र्याचं, व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतं. आवाज त्या रात्री छानच येईल, फक्त ट्यूबचं आयुष्य झपाट्यानं संपेल. म्हणून तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक साधा मल्टीमीटर आणा, मुलाला सांगा आठ दिवस सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अकराला प्लगचं व्होल्टेज मोजून लिहून ठेव. सारखं २४० च्या वर जात असेल तर २३० किंवा २४० चा टॅप असलेलाच अ‍ॅम्प मागा, मिळाला नाही तर सर्वो स्टॅबिलायझर लावा. टीव्ही-फ्रिजचा रिलेवाला नको, तो ख्यालाच्या मध्येच टकटक करतो.

मल्टीमीटर आणलाच आहे तर एक अजून काम करा. स्पीकरची वायर अ‍ॅम्पकडून सोडवा आणि स्पीकरच्या दोन टोकांवर ओहम मोजा. साडेचार-पाचच्या आसपास दाखवला तर लेबल खरं बोलतंय. साडेतीनच्या खाली दाखवला तर तो स्पीकर नावाचाच ६ ओहमचा आहे, मग ४ चा टॅप नक्की.

बायस. पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहू द्यायचा त्याला बायस म्हणतात, काही अ‍ॅम्पमध्ये तो स्वतःहून ठरतो आणि काहींमध्ये दर काही महिन्यांनी स्क्रू फिरवून लावावा लागतो. तुम्ही ऑटो बायसवाला किंवा वर छोटा काटा बसवलेला घ्या, झाकण उघडून करायचं असेल तो नको, आत चारशे-साडेचारशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) राहतात. एक खूण मात्र घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. ट्यूब चालू असताना आतल्या तारेचा नारिंगी उजेड दिसतो तो बरोबर, पण तिच्याभोवतीचा करडा पत्रा जर लालसर व्हायला लागला, गॅसवर विसरलेल्या तव्यासारखा, तर विचार न करता त्या सेकंदाला बंद करायचं.

नातवासाठी जाळी लागणारच, आणि ती अ‍ॅम्पसोबत येणारीच मागा कारण नंतर मापाची मिळत नाही. ईएल३४ ची काच हात पोळेल एवढी तापते, आणि चार ट्यूबचा अ‍ॅम्प भिंतीतून दीड-दोनशे वॉट घेतो, त्यातला जवळजवळ सगळा उष्णता होऊन तुमच्या खोलीत येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी जाणवेल. बंद कपाटात ठेवायचा नाही, वर वीतभर तरी जागा मोकळी.

दीड लाख सगळे अ‍ॅम्पवर घालवू नका. पंधरा-वीस हजार बाजूला ठेवा, त्यात ईएल३४ चा एक मॅच केलेला चारचा संच आणि एक-दोन छोट्या ट्यूब घेऊन ठेवा. ईएल३४ स्लोव्हाकियात, रशियात, चीनमध्ये अजून बनतात, त्यामुळे मिळायला अडचण नाही, पण २०२२ मध्ये रशियाकडून पुरवठा अडला तेव्हा भाव कसे चढले ते सगळ्यांनी पाहिलंय. पॉवर ट्यूब दोन-तीन हजार तास आरामात चालतात, रोज दोन तास ऐकलंत तर तीन-चार वर्षं. आणि पहिलं वर्षभर ट्यूब बदलून बघायच्या नादाला लागू नका, आधी अ‍ॅम्पचा मूळ आवाज कानात बसू द्या. ट्रायोड आणि अल्ट्रालिनियर (तीच ट्यूब चालवायच्या दोन पद्धती) असं बटण असेल तर ते जरूर वापरून बघा, ट्रायोडवर पॉवर निम्मी होते पण रात्री हळू आवाजात ऐकताना तुम्हाला तेच आवडेल असं मला वाटतं.

मुलाचं म्हणणं वेडगळ नाही. क्लास डी स्वस्त आहे, गार राहतो, आणि अंतर्गत ओहमची भानगड त्यात जवळपास नाही. कोरडेपणा जर रिसीव्हरमधूनच येत असेल तर एखादा चांगला क्लास डी लावूनसुद्धा फरक पडेल, आणि त्याआधी फुकटातला उपाय म्हणून स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, समोर सतरंजी टाका, टाइल्सच्या रिकाम्या खोलीत कुठलाच अ‍ॅम्प गोड वाटत नाही. पण तुम्हाला ट्यूब हवी आहे, मनापासून हवी आहे, आणि ते कारण मला पुरेसं आहे.

घ्यायच्या आधी घरी ऐकायला मागा. दुकानात नाही, घरी, तुमच्या स्पीकरवर, निदान दोन दिवस. डिपॉझिट घेतात, घेऊ द्या. लावायचं काय तर तुम्हाला पाठ असलेलं रेकॉर्डिंग, किशोरीताईंचा विलंबित असेल नाहीतर कुमारांचं निर्गुणी, जे तुम्ही प्रत्यक्ष गाऊन बघितलंय. आधी नुसता तानपुरा ऐका, गाणं सुरू व्हायच्या आधीचा. मग डग्गा. मग नेहमीपेक्षा थोडा जास्त व्हॉल्यूम करून तार षड्ज, आणि तो लागलेला असताना मागचा तानपुरा वेगळा ऐकू येतोय का ते बघा. हे तिन्ही जमले तर घ्या.

राहता राहिला बाबांचा रेडिओ. तो आवाज ट्यूब अ‍ॅम्प आणल्यावर जसाच्या तसा येईल का, तर नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. त्या रेडिओत व्हॉल्व्ह होते तसा आठ इंची हलका कागदी कोन होता जो तीन-चार वॉटमध्ये खोली भरायचा, लाकडाची पेटी होती जी स्वतः थोडी गायची, आणि मीडियम वेव्हवर वरचे सूर मुळातच छाटलेले असायचे म्हणून कानाला काही टोचायचं नाही. नव्या अ‍ॅम्पमध्ये त्या ऊबेचा एक भाग मिळेल, बाकी जे मिळेल ते त्याहून स्वच्छ आणि मोठं असेल. पण रेडिओ माळ्यावर अजून आहे असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. तो खाली काढा. फक्त थेट प्लगमध्ये घालू नका, इतक्या वर्षांत आतले कागदी कपॅसिटर गळायला लागलेले असतात आणि त्यातला एक गळका असला की आउटपुट व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही घेऊन जातो. जुने रेडिओ उघडणारा माणूस शोधा, त्याला सांगा आधी कपॅसिटर बदला आणि पहिल्यांदा शंभर वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये चालू करा. बल्ब आधी उजळून मग मंद झाला आणि अर्ध्या मिनिटानं हिरवा डोळा उघडला तर मला कळवा.